‘ताई’ लिहिलेला डबा: दिवाळीपासून आखाजीपर्यंत वापरून

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, चार दिवस डबा बंद होता आणि महिनाअखेरीस पैसे मात्र पुऱ्या महिन्याचे मागितले. म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर डब्यावर लिहिण्याएवढी फुरसत कुणाला आहे! केंद्राचं नाव देत नाही. बायकांनी मिळून चालवलेली अशी पोळी-भाजी केंद्रं आता जळगावात दर दोन गल्ल्यांआड सापडतात आणि खाड्याच्या बाबतीत सगळी एका माळेचे मणी असणार असा माझा दाट संशय आहे.

डब्यात काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे: पोळ्या, भाजी, वरण-भात, कधी ठेचा, कधी कोशिंबीर. एका डब्याचे 60 रुपये. मी दोन लावलेत, एक आमच्या ह्यांच्या दुकानावर जातो, एक माझ्याबरोबर भुसावळला ऑफिसात. म्हणजे महिन्याचे 3,600. हा आकडा सासूबाईंना अजून सांगितलेला नाही.

डबा लावला तो हौसेने नाही, रिपोर्टमुळे लावला. ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम 2022 च्या नवरात्रात सुरू झाली तेव्हापासून सरकारी दवाखान्यात बायकांची फुकट तपासणी होते हे ऐकून होते, पण जाईन जाईन म्हणत गेले गेल्या वर्षी. हिमोग्लोबिन 9 च्या खाली निघालं. आपल्याला किमान 12 लागतं. डॉक्टर मॅडमनी विचारलं, सकाळी काय खाता? म्हटलं, चहा. मग? मग भुसावळला उतरल्यावर परत चहा. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की गोळीच्या आगेमागे तासभर चहाला शिवायचं नाही, चहाने लोह अंगाला लागत नाही. लिंबू पिळलेलं काही घेतलंत तर उलट चांगलं. गोळ्या तिथेच फुकट मिळाल्या. खाजगीत याच कामाला किती लागले असते याचा हिशेब मी रिक्षातच केला.

गोळ्या घ्यायला काहीच नाही हो, पण जेवायचं कधी? सकाळी चारांचे डबे भरताना गरम पोळी त्या डब्यांत जायची आणि कालची उरलेली माझ्या. हे कुणी मला सांगितलेलं नव्हतं, आपोआप होतं, घराघरात होतं. दिवाळीनंतर डबा लावला तेव्हा केंद्रावरच्या काकूंनी ओळखण्यासाठी एका झाकणावर लाल नेलपेंटने ‘साहेब’ लिहिलं आणि दुसऱ्यावर ‘ताई’. त्या ‘ताई’वाल्या डब्यात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. धाकटा एकदा उघडायला गेला, तर मोठीने त्याला दटावलं, “तो मम्मीचा आहे.” पार्लर, मालिश, योगाचे वर्ग सगळं बाजूला ठेवा, स्वतःची काळजी म्हणून जे काही मी या वर्षात केलं त्यात हे एक टिकलं.

पहिले दोन-तीन महिने तर मी सगळ्यांना सांगत सुटले होते. थंडीत भरीत यायचं, भरताच्या हिरव्या वांग्यांचं, काड्यांवर भाजून ठेचलेलं, हिरवी मिरची आणि कांद्याची पात सढळ हाताने घातलेली. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. शेवभाजीच्या दिवशी शेव रश्शात टाकून पाठवत नाहीत. वरच्या कप्प्यात पोळ्यांच्या बाजूला भाजीच्या जाड शेवेची छोटी पुडी, दोऱ्याने बांधलेली. दीड वाजता डबा उघडायचा, काळ्या मसाल्याच्या रश्शावर तेव्हाच शेव सोडायची, दोन घास वाट बघायची आणि मग खायची. आमच्या ऑफिसात बाहेरगावाहून आलेले एक साहेब आहेत, त्यांच्या डब्यात सकाळीच भिजवलेली शेव येते आणि दुपारपर्यंत तिचं पिठलं होतं. त्या पुडीसाठी मी केंद्राला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आता खाडा.

दूधवाला खाडा कापतो. पेपरवाला कापतो. भांड्याला येणाऱ्या मावशींचा आम्ही कापत नाही, पण तो आमचा निर्णय. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतं आणि त्यावर दुधाचे, पेपरचे आणि आता डब्याचे खाडे वेगवेगळ्या पेनाने फुल्या मारून मांडलेले असतात. आणि डब्याचा नियम काय, तर आदल्या रात्री आठच्या आत कळवलं तरच खाडा, आणि तोही सलग तीन दिवस असेल तरच. एक-दोन दिवसांचा खाडा धरत नाहीत. म्हणजे माझी गाडी चुकली, मुलाला ताप आला, मी रजा टाकली, तरी 60 रुपये गेले. दोन डबे असतील तर 120. मी वाद घातला, काकू म्हणाल्या, “ताई, भाजी तर आधीच आणलेली असते ना.” ठीक आहे, पटलं. मग आखाजीला केंद्र बंद ठेवलंत ते सलग चार दिवस, आणि कळवलं कुणी कुणाला? तुम्ही मला. तुमच्याच नियमाने हा खाडा बसतो. चार दिवस, दोन डबे, 480 रुपये. “सणाचा खाडा नसतो,” असं उत्तर आलं. हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही.

ह्यांचं म्हणणं, तू तरी कुठे इथे होतीस? माहेरी अमळनेरला गेली होतीस, झोक्यावर बसून घागर भरत होतीस. हा मुद्दाच नाही. मी कुठे होते याच्याशी 480 रुपयांचा काय संबंध? (अमळनेरला एसटीने गेले, बायकांना अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून आहे, तेव्हापासून माहेर जरा जवळ आलंय. सरकारी सोयींपैकी हीच मला सगळ्यात बिनबोभाट वाटते. फॉर्म नाही, रांग नाही, कंडक्टरला फक्त ‘एक अर्धं’ म्हणायचं.)

फोनवर काम होईना म्हणून मी एका सकाळी सहाच्या आधीच केंद्रावर जाऊन धडकले. मे महिना. तुम्ही जळगावचे असाल तर मेमध्ये पहाटेसुद्धा भिंत कशी गरम लागते ते सांगायला नको; दुपारी पारा 45 च्या आसपास असतो. पत्र्याची खोली, दोन भट्ट्या, चार बायका. पंखा आहे, पण बंद. का, तर गॅसची ज्योत हलते आणि तव्याला आच एकसारखी लागत नाही. एक जण लाटतेय, एक भाजतेय, एक डबे भरतेय, चौथी पदराने घाम पुसत शेवेच्या पुड्या बांधतेय. त्या पुड्या हाताने बांधतात हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी उभी होते तेवढ्यात माझं ब्लाउज पाठीला चिकटलं.

खाड्याचा विषय काढला, तर काकू हसल्या. म्हणाल्या, “आखाजीचे चार दिवस या सगळ्याइले पूरा पगार देला ना वं ताई. लेकी माहेरी जातीन, त्याइचा पगार कापू का? इतल्या उन्हात मग कोन येईन पोया लाटाले?”

म्हणजे माझे 480 तिकडे गेले. घरी येईपर्यंत माझा राग निम्मा उतरला होता, आणि त्याचाच राग आला. आखाजी ही आपल्याकडे लेकींची, आणि पोळ्या लाटणाऱ्यांना पगारी सुट्टी मिळत असेल तर माझी काही तक्रार नाही, उलट आनंद आहे. पण मग तसं लिहा ना! दर पत्रकावर टाका, ‘आखाजीचे चार दिवस सुट्टी, पैसे कापले जाणार नाहीत, कारण बायकांना पगार दिला जातो.’ किंवा डबा 62 रुपये करा. मी 62 देईन. न विचारता, न सांगता माझ्या कालनिर्णयावरच्या फुल्यांतून काढायचं, हे मला आजही पटलेलं नाही. काकूंना हेच सांगितलं. त्यांनी पैसे दिले नाहीत, बिबड्यांचं एक बंडल हातात ठेवलं. ज्वारीचे पापड, त्याच बायकांनी वाळवलेले. बाजारात एवढ्या बंडलाचे दोनशेच्या वर पडत नाहीत. बिबडे चांगले फुलतात, हे मान्य करावं लागेल.

उन्हाळ्याचं एक सांगायचं राहिलं. एप्रिलच्या मधल्या काळात दोनदा-तीनदा वरण आंबलेलं निघालं. डबा आठला भरला जातो, मी दीडला उघडते, मधे भुसावळचा प्लॅटफॉर्म आणि ऑफिसातलं पत्र्याचं कपाट. तक्रार केल्यावर त्यांनी वरणाचा कप्पाच काढला आणि त्याऐवजी सुकी भाजी, कैरीचं काहीतरी आणि शेंगदाण्याची चटणी द्यायला लागले. रश्शाची शेवभाजीही जूनपर्यंत बंद. मला आधी वाटलं की खर्च वाचवतायत. पण खोबऱ्या-कांद्याचं वाटण उन्हात सगळ्यात आधी नासतं, हे कोणत्याही घरच्या बाईला माहीत असतं. तेव्हा यावर मी गप्प बसते.

बाकी गोष्टींचं थोडक्यात, कारण विचारणाऱ्या खूप आहेत. पाळणाघर: धाकट्यासाठी लावलंय, बाई प्रेमळ आहेत, जागा स्वच्छ आहे, फक्त साडेसहानंतर थांबण्याचे वेगळे पैसे घेतात आणि माझी गाडी भादली स्टेशनात उभी राहिली की मी तिथेच बसून ते पैसे मोजत असते. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर ठेवणं 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने बंधनकारक झालं, पण आमच्या ऑफिसात माणसं किती, तर बोटांवर मोजण्याइतकी. घरी येणारी पार्लरवाली: भुवया छान करते, पण मुलं दारातून डोकावत राहतात, त्यात विश्रांती कसली? मालिशवाल्या मावशी: बाळंतपणात देव वाटल्या होत्या, आता पाठीसाठी बोलावलं तर येते म्हणतात आणि येत नाहीत.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. रात्री झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, उगाच रडू येत असेल, तर टेली-मानसचा 14416 लावा. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला, फुकट आहे, चोवीस तास आहे. मी एका रात्री लावला, मराठीत बोलले आणि मराठीतच ऐकून घेतलं गेलं. यात हिमोग्लोबिनचाही भाग असू शकतो, म्हणून आधी रक्त तपासा.

हिमोग्लोबिन परत तपासलं, 11 च्या वर आलंय. गोळ्यांमुळे की डब्यामुळे, कोण सांगणार? डॉक्टर मॅडम म्हणतात गोळ्या, मी म्हणते दोन्ही. जूनचे पैसे भरले. खाड्याचा नियम काकूंकडून त्यांच्याच वहीच्या पानावर लिहून घेतलाय, सणांची यादी टाकून, आणि ते पान कालनिर्णयाच्या खिळ्याला अडकवलंय. तुम्ही डबा लावणार असाल तर पैसे द्यायच्या आधी हे करून घ्या. आणि भाकरी हवी असेल तर नुसती ‘भाकरी’ म्हणू नका, ‘कळण्याची’ असं सांगा, नाहीतर बाजरीची येते आणि मग त्यावरून वेगळा वाद.