डी लायसन्स घेतल्यानंतरचे दहा महिने: साखळीच्या मैदानावरून

गेल्या मे महिन्यात म्हापशाला एआयएफएफचा, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा, प्रशिक्षकांसाठीचा डी लायसन्स कोर्स केला. आता मार्च संपत आलाय. मधे एक अख्खा पावसाळा गेला, चवथीची सुट्टी गेली, भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतातल्या मॅचेस झाल्या. कोर्स संपल्या संपल्या लिहिलं असतं तर फक्त कौतुकच लिहिलं असतं. आता काय टिकलं आणि काय गळून पडलं, ते दिसतंय. गोव्यात लहान मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या आणि ‘नेमका कुठला कोर्स करू’ या पेचात असलेल्या शिक्षकांसाठी, पालकांसाठी हे लिहितेय.

मी गोव्यात साखळी गावाजवळ मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. संध्याकाळी सात ते बारा वयाची ३४ मुलं मैदानावर येतात, त्यात ११ मुली. मी कॉलेजपर्यंत खेळले, क्लबसाठी कधी नाही.

आधी शिडी समजून घ्या, कारण माझा सुरुवातीचा गोंधळ इथेच होता. भारतात सगळ्यात खाली ई, मग डी. हे दोन्ही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे स्वतःचे. त्यावर सी, बी, ए आणि प्रो. हे आशियाई महासंघाचे, म्हणजे एएफसीचे डिप्लोमा. कोर्स इथेच एआयएफएफ घेतो, पण मान्यता आशियाची. गोलकीपरच्या प्रशिक्षकांसाठी आणि फुटसालसाठी (पाच-पाच जणांचा इनडोअर फुटबॉल) वेगळे लेव्हल कोर्स आहेत. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, मुख्य प्रशिक्षक व्हायचं तर प्रो किंवा त्याच्या तोडीचं लायसन्स लागतं. आपल्या गोव्याचे डेरिक परेरा आणि सावियो मदेरा त्या पायरीपर्यंत पोचलेत. आमच्याकडे कुणी प्रशिक्षण हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर हीच नावं येतात, आणि मग वाटतं की आपणही भराभर वर चढायला हवं. मलाही तसंच वाटलं होतं.

डीच्या आधी मी एक चूक केली, ती सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. एका खाजगी संस्थेचा ऑनलाइन कोर्स केला. जाहिरातीत ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द मोठ्या अक्षरांत होता. व्हिडिओ चांगले होते, सर्टिफिकेटही देखणं आलं. पण मैदानावर मला शिकवताना कुणी बघितलं नाही, कुणी थांबवलं नाही, कुणी ‘तू फार बोलतेस’ असं सांगितलं नाही. पुढच्या लायसन्ससाठी त्या कागदाचा काहीच उपयोग झाला नाही. असा कोर्स घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे लायसन्स राष्ट्रीय महासंघाने दिलेलं आहे का? नसेल, तर तो अभ्यास आहे, लायसन्स नव्हे. आणि नुसता अभ्यासच करायचा तर फिफा ट्रेनिंग सेंटरवर सरावांचे व्हिडिओ फुकट आहेत. मी अजूनही रविवारी दुपारी तेच बघते.

आता डी. सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ मैदान आणि मधल्या उन्हात वर्ग. आमच्या तुकडीत २४ जण होते, बायका आम्ही तिघीच. कुणी माजी खेळाडू, कुणी पीई शिक्षक, एकजण टॅक्सी चालवणारा आणि गावच्या टीमला शिकवणारा. लेखी परीक्षा होते, पण खरी कसोटी मैदानावर: तुम्हाला विषय देतात, तुम्ही सरावाचा आराखडा लिहायचा आणि सगळ्यांसमोर तो घेऊन दाखवायचा.

या कोर्सने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रांग मोडणं. मी आधी काय करायचे? प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडायचे आणि मुलांना एकामागोमाग एक त्यातून बॉल न्यायला लावायचे. दिसायला शिस्तबद्ध. पालक खूश. कोर्सच्या तिसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टर म्हणाले, घरी गेल्यावर एकाच मुलाकडे बघा आणि त्याचे बॉलला किती स्पर्श होतात ते मोजा. जूनमध्ये पहिल्याच दिवशी मी मुद्दाम जुन्या पद्धतीने सराव घेऊन मोजले. पाऊण तासात १९. तो मुलगा उरलेला सगळा वेळ उभा होता, पुढच्याच्या शर्टाशी चाळा करत. दुसऱ्या आठवड्यापासून चार-चार जणांच्या छोट्या मॅचेस सुरू केल्या आणि त्याच मुलाचे स्पर्श मोजता मोजता माझा हिशेब चुकला. त्या दिवशी मी घरी येऊन खूप वेळ गप्प बसले होते. आधीची तीन वर्षं किती मुलं माझ्या रांगेत नुसती उभी राहिली असतील, हे मनातून जाईना.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारणं. ‘तिकडे दे’ असं ओरडण्याऐवजी खेळ थांबवून ‘तुला कोण मोकळं दिसलं?’ असं विचारायचं. सोपं वाटतं, पण जिभेला वळण लागायला मला चवथ उजाडली.

उणिवाही आहेत. कोर्स सगळा इंग्रजीत. ‘स्कॅनिंग’ म्हणजे बॉल येण्याआधी आजूबाजूला बघून घेणं, हे मला कळलं, पण आठ वर्षांच्या मुलाला पळता पळता काय सांगायचं? शेवटी कोंकणीच कामाला आली. ‘फाटीं पळय!’ (मागे बघ!) एवढंच ओरडते, आणि माना वळतात. असे शब्द मी वहीत जमवतेय. दुसरी उणीव मोठी आहे: कोर्समध्ये तुम्ही ज्यांच्यावर शिकवून बघता ती सगळी मोठी माणसं असतात. शहाण्यासारखी ऐकतात. मातीत बसलेल्या, रडणाऱ्या, बुटाची नाडी सुटलेल्या मुलाचं काय करायचं, ते मला शाळेतल्या नोकरीने शिकवलं. आणि प्रथमोपचारासाठी तर मला वेगळं प्रशिक्षण घ्यावंच लागलं. ऑगस्टमध्ये एका मुलीचं मनगट दुखावलं, तेव्हा ते उपयोगी पडलं.

तुलना करायची तर घरातलंच उदाहरण आहे. माझा मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला, तिथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे. त्याने एफएचा, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा, सुरुवातीचा कोर्स केला आणि आता युएफाचं, म्हणजे युरोपीय महासंघाचं, सी करतोय. त्याचं सगळं महिनोन्‌महिने पसरलेलं: थोडं ऑनलाइन, थोडं मैदानावर, आणि मधल्या काळात स्वतःच्या टीमवर करून बघायचं. बालसुरक्षा आणि प्रथमोपचार त्यात बांधलेलेच. सहा दिवसांत सगळं डोक्यात कोंबण्यापेक्षा ही पद्धत मला जास्त पटते. तिथे लायसन्स मिळाल्यावरही तीन वर्षांत १५ तासांचं पुढचं शिक्षण घ्यावं लागतं, नाहीतर नूतनीकरण नाही.

त्याच्या वह्यांतून मी दोन गोष्टी उचलल्या. एक, सराव सोपा-अवघड करण्याच्या चार चाव्या: जागा, काम, साहित्य, माणसं. जुलैत अर्धं मैदान चिखलात गेलं तेव्हा जागा कमी केली, गोल चार केले, आणि सराव रद्द करावा लागला नाही. दुसरी, हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांकडून सरावात हेडिंग करून घेऊ नये असं मार्गदर्शन आहे. मी ते माझ्या मैदानावर लागू केलं. काही बाप नाराज झाले. होऊ देत.

पण म्हणून इथे राहून युएफाच्या मागे लागू नका. तिथलं लायसन्स इथे किंवा इथलं तिथे आपोआप चालत नाही. एएफसीची तुमचा अनुभव आणि पात्रता तपासून घेणारी वेगळी प्रक्रिया आहे. ज्यांचं दोन-तीन वर्षांत पोर्तुगाल किंवा इंग्लंडला जायचं नक्की आहे, त्यांनी तिथे जाऊनच सुरुवात करावी.

सरकारी नोकरीचा विचार असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. क्रीडा खात्यांच्या भरतीत प्रशिक्षकासाठी एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा विचारला जातो. पतियाळाची ही संस्था १९६१ पासून आहे. माझ्या शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याला मी तेच सुचवलं, कारण त्याला पगार हवाय आणि त्याच्याकडे वेळ आहे. मला घर, शाळा सोडून कित्येक महिने जाणं शक्य नाही.

राहिला प्रश्न सी लायसन्सचा. सगळे विचारतात, ‘मॅडम, सी कधी?’ डीचा रोख बारापर्यंतच्या मुलांवर आहे, सीमध्ये पुढची किशोरवयातली मुलं येतात. माझ्या मैदानावर आज बारा वर्षांच्या वर कुणीच नाही. तिथे शिकलेलं मी कुणावर वापरणार? माझी सगळ्यात मोठी तुकडी दोन वर्षांनी चौदाची होईल, तेव्हा मी सीला बसेन. मुलांच्या वयाबरोबर चढायचं, असं ठरवलंय.

सध्याची माझी अडचण लायसन्सच्या अक्षराची नाहीच. ३४ मुलं आणि मी एकटी, ही आहे. चार छोट्या मॅचेस एकाच वेळी चालतात, तेव्हा तीन माझ्या पाठीमागे असतात. म्हणून सीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून यंदा दोघांना ई कोर्सला पाठवतेय. ई दोन-तीन दिवसांत होतो, लहान मुलांच्या खेळापुरतं नेमकं शिकवतो, आणि मदतनिसाला तेवढं भरपूर आहे. एक आमच्या शाळेचे शिपाईदादा, रोज सगळ्यांच्या आधी येऊन कोन मांडणारे. दुसरी आमच्या नऊ वर्षांच्या गोलकीपर मुलीची आई. तिने गेल्या महिन्यात गोलमागे उभं राहून मला विचारलं होतं, की तीन नंबरचा लहान बॉल या मुलांना आणि चार नंबरचा, त्याहून मोठा, त्या मुलांना, असं का? मैदानावर येणाऱ्या पालकांपैकी हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. दोघांचेही फॉर्म काल भरून झाले.