कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथांचं दुकान: गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार

माझा भाचा नववीत आहे, वय १४. त्याला ‘बर्झर्क’ हे जपानी चित्रकथेचं पुस्तक हवं होतं आणि वाढदिवस असल्यामुळे मी पैसे घेऊनच गेलो होतो. दुकानातल्या पोराने ते द्यायला नकार दिला. त्या नकारासाठीच हा अभिप्राय लिहितोय.

दुकान राजारामपुरीच्या एका गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या वर, पहिल्या मजल्यावर. जिना उभा आहे, गुडघे दुखत असतील तर जपून. वर एकच खोली, पण तीन भिंती जपानी चित्रकथांनी भरलेल्या, सगळ्या इंग्रजीत. विकतही मिळतात आणि भाड्यानेही: ५०० रुपये अनामत, आठवड्याला ४० रुपये. पुस्तकं नीट ठेवलेली असतात, पानं दुमडलेली नसतात.

चालवणारा पोरगा पंचविशीचा असेल. त्याने भाच्याला वय विचारलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, हे याला देत नाही. तुम्ही आधी वाचा, मग घरात काय ते ठरवा.” त्यात काय आहे तेही आडपडदा न ठेवता सांगितलं: नायकावर लहानपणी झालेला अत्याचार, रक्तपात, आणि पुढे कास्का या बाईवरचा बलात्कार. भाच्याच्या हातात त्याने ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चा पहिला भाग दिला. भाचा घरी येईपर्यंत बोलला नाही.

माझा शिवाजी उद्यमनगरात छापखाना आहे, वडिलांच्या ट्रेडल मशीनपासूनचा. ‘बर्झर्क’ मी दोन रात्री तिथेच बसून वाचलं. ते लिहिणारे-चितारणारे केंतारो मिउरा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या रेघांचं काम बघून मी भिंग काढलं, इतकी बारीक छाया नुसत्या रेघांनी भरलेली. त्या कथेत अत्याचाराची जखम पुढे खंडच्या खंड माणसांना सोडत नाही. म्हणून ते थोर काम आहे असं मी म्हणतो. काही पानांवर मात्र बाईच्या अंगावर नजर गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळते, आणि ते मला खटकलं. १४ वर्षांच्या पोराला या दोन गोष्टी वेगळ्या करता येणार नाहीत. दुकानातल्या पोराचा नकार बरोबर होता.

आमच्या धंद्यात अश्लील साहित्याबद्दलच्या कलम २९२ ची धास्ती जुनी. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात लेखक चंद्रकांत काकोडकरांबरोबर मुद्रक-प्रकाशकही आरोपी होते. हायकोर्टाने दोषी ठरवलं, १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं. वडील नव्या कंपोझिटरला ही गोष्ट सांगायचे, म्हणून बंदी म्हटलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम २९४ झालंय. त्यात साहित्य आणि कलेला सूट आहे. पुढचं २९५ मात्र अश्लील गोष्ट मुलाला विकण्याबद्दलच आहे. दुकानातल्या पोराला हे कलम ठाऊक होतं. मला वाटतं, मांगा विकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं.

कारण आपल्याकडे चित्र म्हटलं की लहान मुलांचं, हा समज पक्का आहे. शिनचॅन जपानमध्ये १९९० साली मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाला. आपण तो पोरांच्या वाहिनीवर लावला, आणि २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींवरून त्यावर बंदी आणली. ‘शोनेन’ (जपानीत ‘मुलगा’) शब्दानेही असाच घोटाळा होतो. ते कुठल्या वाचकासाठीच्या नियतकालिकात छापलं त्याचं नाव आहे, वयाचा दाखला नव्हे. ‘चेनसॉ मॅन’ शोनेन साप्ताहिकात आलं, तरी इंग्रजी आवृत्तीवर १६ वर्षांवरची खूण आहे. एका मोठ्या वेबसाइटवरून भाच्याने मागे १८ ची खूण असलेलं पुस्तक मागवलं होतं. ते कुणी काही न विचारता दारात आलं आणि ताईने सही करून घेतलं. मागची खूण तिने पाहिली नाही, कारण असं काही असतं हेच तिला माहीत नव्हतं.

दुकानात एक प्रकार अजिबात नाही: लहान मुलींना लैंगिक रूपात रंगवणारा. कुणी मागितला तर पोरगा सरळ नाही म्हणतो. जपानमध्ये यावर मोठं भांडण झालं. २०१० मध्ये टोकियोच्या स्थानिक नियमाच्या मसुद्यात ‘अस्तित्वात नसलेली अल्पवयीन’, म्हणजे चित्रातली काल्पनिक मुलं, असा शब्दप्रयोग आला, तेव्हा चित्रकार आणि प्रकाशक खवळले. तो मसुदा पडला, पण वर्षअखेरीस बदललेला मंजूर झाला. २०१४ मध्ये खऱ्या मुलांचं अश्लील साहित्य नुसतं जवळ बाळगणंही तिथे गुन्हा ठरलं, पण रेखाटनं वगळली. ज्याला इजा झाली असं खरं मूलच नाही, हा त्यांचा युक्तिवाद. आपल्याकडे पॉक्सोच्या २०१९ च्या दुरुस्तीने मूल दिसेल अशी तयार केलेली प्रतिमाही व्याख्येत घेतली. छापखानेवाला असूनही मी इथे आपल्या कायद्याच्या बाजूने आहे. लढाई, क्रौर्य, अगदी बलात्काराचं दुःखसुद्धा चितारायची मोकळीक हवी. मुलाचं अंग भोगाची वस्तू म्हणून रंगवायला मी माझं मशीन लावणार नाही.

एका गोष्टीवर आमचं पटलं नाही. ‘रुरोनी केन्शिन’ या मांगा मालिकेचे जुने भाग तो ठेवतो. त्याच्या लेखकाकडे अल्पवयीन मुलींच्या अश्लील डीव्हीडी सापडल्या, २०१८ मध्ये २ लाख येन दंड झाला आणि काही महिन्यांत मालिका परत सुरू झाली. “पुस्तकात तसं काही नाही, काका,” असं पोराचं म्हणणं. पण त्या डीव्हीडींतली मुलं खरी होती, चित्रातली नव्हती. मी ते भाड्यानेही घेणार नाही.

उणीव एकच, पण मोठी. वय विचारायचा नियम त्या पोराच्या डोक्यात आहे, भिंतीवर नाही. दुपारी त्याचा मित्र बसतो, आणि त्याने माझ्यासमोर सहावी-सातवीच्या पोराला ‘चेनसॉ मॅन’ दिलं. मी हे सांगितल्यावर पोरगा ओशाळला. मग दोघांनी बसून लेबलं ठरवली, मराठीत, पुस्तकाच्या पुढच्या बाजूला लावायची. १३, १६, १८ हे आकडे मोठे, आणि खाली कारण. ‘बर्झर्क’चं असं: “१८ वर्षांवरील. लैंगिक अत्याचार, तीव्र हिंसा.” प्रूफ त्याने मंजूर केलंय, शनिवारी छापून देतोय.

सोमवारी बंद. संध्याकाळी सहानंतर गेलात तर तो स्वतः असतो.