नडग्यांचं दुखणं आणि बदललेलं पाऊल : आठ महिन्यांनंतर

पोलीस भरतीची तयारी करताना नडग्या दुखतात म्हणून मैदान सोडायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा.

मी अंबाजोगाईची. पहाटे मुकुंदराजाच्या रस्त्याला पळायचे. बाराव्या-तेराव्या मिनिटाला नडग्यांची बाहेरची बाजू दगडासारखी व्हायची, अंगठ्याजवळची बेचकी बधिर पडायची आणि पाऊल फटफट आपटायचं. थांबलं की पंधरा मिनिटांत सगळं गायब! त्यामुळे घरी कुणाला खरंच वाटेना. एक्स-रे साफ आला. कॅल्शियमच्या गोळ्या आणि दोन महिने आराम. ते दोन महिने वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं, कारण पुन्हा पळाले तेव्हा तेराव्या मिनिटाला तेच.

लातूरच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला आधी पळवलं आणि थांबल्या थांबल्या नडगी दाबून पाहिली. पळताना स्नायू फुगतो, भोवतीचं फॅशियाचं आवरण ताणत नाही, आत दाब चढतो. नाव क्रॉनिक एक्झर्शनल कंपार्टमेंट सिंड्रोम. पुण्यात सुई घालून दाब मोजला. थांबल्यावर एका मिनिटाने 30 मिलिमीटर पारा (दाबाचं एकक) किंवा जास्त असला तर निदान धरतात, माझा 38. आवरण कापायची शस्त्रक्रिया सुचवली. आई घाबरून गेली.

"सहा आठवडे दे मला, आधी पाऊल बदलू," ताई म्हणाल्या. टाच आधी टेकवायची तर पंजा वर ओढून धरावा लागतो, आणि ते काम नडगीचाच स्नायू करतो. म्हणून चवड्यावर उतरायचं, पावलं आखूड टाकायची. अमेरिकेत 10 रुग्णांना सहा आठवडे हेच शिकवलं होतं. 2012 सालच्या त्या अभ्यासात वर्षभरात एकालाही शस्त्रक्रिया लागली नाही.

मोबाईलवर टिकटिक लावून मिनिटाला 158 पावलांवरून 174 वर आले. सुरुवातीला गवतावर एकेक मिनिटच. पोटऱ्या इतक्या दुखल्या की जिना उतरवेना. तिसऱ्या आठवड्यात घाईने अंतर वाढवलं आणि चार दिवस बसावं लागलं. तेवढं करू नका.

मालिशने बरं वाटायचं, पण तेरावं मिनिट काही हललं नाही. बोटॉक्सचं इंजेक्शनही सुचवलं होतं. स्नायू कमजोर होऊ शकतो म्हणून नको म्हटलं.

दुखणं मागे पोटरीत असेल तर या उपायावर विसंबू नका. आणि मार लागून पाय ताठरला, थांबूनही दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

आता सपाटीवर 5 किलोमीटर न थांबता पळते. उतारावर मात्र दमले की टाच पुन्हा पुढे पडते, नडग्या भरतात. तिथे टिकटिक अजून लागते.