नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सपायी 69,100 रुपये गेले, मुलींच्या आईवडिलांनी वाचाच

मी अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या बायका कागद वाचून घ्यायला, फॉर्म भरायला माझ्याकडे येतात, म्हणून हे लिहायची लाज वाटत होती. पण परवा एसटी स्टँडसमोर, जिथे माझ्या मुलीने हा कोर्स केला त्याच संस्थेचा नवा फ्लेक्स दिसला, ‘100 टक्के नोकरीची हमी’, आणि आता गप्प बसवत नाही.

मुलगी बारावी आर्ट्स झाली, नर्सच व्हायचं म्हणून हटून बसली. नर्सिंगचे मान्य कोर्स म्हणजे एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि खासगी कॉलेजची फी आम्हाला झेपणारी नव्हती. तेवढ्यात तालुक्याच्या गावी ‘सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, एक वर्ष, सरकारमान्य’ अशी जाहिरात आली. तिथल्या मॅडम म्हणाल्या, “ताई, एएनएमच्या तोडीचाच कोर्स आहे, फक्त वर्षभरात होतो.”

पैसे असे गेले: प्रवेशाचे 2,000, फी 15,000 च्या तीन हप्त्यांत 45,000, गणवेश, बूट आणि बीपीचं मशीन मिळून 3,600, परीक्षा फी 6,500 आणि शेवटी ‘कौन्सिल रजिस्ट्रेशन’चे 12,000. यातले 30,000 बचत गटाचं कर्ज काढून दिले. ते मी अजून फेडते आहे.

ऑफिसच्या भिंतीवर फ्रेमा होत्या. अशोकस्तंभ, शिक्के, सगळं. मी त्या नीट वाचल्या होत्या, कुणी म्हणू नये की वाचल्या नाहीत. एक आयएसओ 9001 चं सर्टिफिकेट, एक उद्यम नोंदणी, एक शॉप अ‍ॅक्ट. हे कागद पापडाचा धंदा काढणारीलासुद्धा मिळतात. संस्था नर्सिंग शिकवायला लायक आहे, असं त्यातला एकही कागद सांगत नाही. पण दारात पांढऱ्या गणवेशातल्या पंचवीसेक मुली उभ्या असताना आणि संस्थेचे सर ‘सगळं गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहे’ म्हणत असताना हे कुणाच्या लक्षात येणार? सरकारी कागदावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

‘हॉस्पिटल ट्रेनिंग’ म्हणजे एका सहा खाटांच्या दवाखान्यात फरशी पुसणं आणि बेडपॅन धुणं. कामाला मी कमी लेखत नाही, रुग्णाची शी-शू काढणं हा या कामाचा भागच आहे. पण पेशंटला कूस कशी बदलायची, बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून काय बघायचं, नाडी-श्वास-तापाचा तक्ता कसा भरायचा, हे कुणी शिकवलं नाही. सलाईन लावायचा सराव मुलींनी एकमेकींच्या हातावर केला. माझ्या मुलीचा हात कोपरापासून काळानिळा झाला होता. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला असंच होतं.

आणि ते 12,000. आजही रात्री तेच आठवून झोप लागत नाही. सरांनी ते संस्थेच्या खात्यावर घेतले नाहीत, बायकोच्या नंबरवर फोनपे करायला सांगितले. पावती मागितली तर साध्या वहीतलं पान फाडून दिलं, वर रबरी शिक्का. तिथेच सगळं उघडं पडलं होतं. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग अशा कोर्सनाच मिळते. असिस्टंटच्या कोर्सला कौन्सिलची नोंदणी नसतेच, मग 12,000 कसले? मनात आलं होतं माझ्या. पण 57,100 आधीच भरले होते आणि सर म्हणाले, “हे नाही भरलं तर सर्टिफिकेट अडकेल.” माझ्या जागी कुठल्याही आईने भरले असते.

पुण्यातल्या एका हॉस्पिटलात मुलाखतीला गेलो. मेट्रनबाईंनी सर्टिफिकेट उलटून-पालटून पाहिलं. नोंदणी क्रमांक नाही, क्यूआर कोड नाही, परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या जागी त्याच संस्थेचं नाव. “बाळा, हे आमच्याकडे चालत नाही,” एवढंच म्हणाल्या. परतीच्या गाडीत पोरगी एक शब्द बोलली नाही.

असिस्टंटच व्हायचं असेल तर जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे जीडीए, हा मान्य कोर्स आहे. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा; ही नर्सिंग कौन्सिल नव्हे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून केला तर मुलीला फी पडत नाही. हे आम्हाला पैसे गेल्यावर कळलं. आणि जीडीए केलेली मुलगी नर्स नव्हे, एएनएमही नव्हे. तसं कुणी सांगत असेल तर तिथूनच उठा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, “कोर्स तर झाला ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.” साहेब कधी बंदोबस्ताला, कधी मीटिंगला. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. जिल्ह्याच्या एका कार्यालयात गेले तर म्हणाले, ही संस्था आमच्या यादीत नाही, म्हणून आम्हाला कारवाई करता येत नाही. अहो, यादीत नाही हीच तर माझी तक्रार आहे! दुसरीकडे फोन केला तर उत्तर मिळालं, हा कोर्स आमचा नाही. तिसरीकडे सांगितलं, पोलिसांत जा. फ्लेक्स भर चौकात लागतो, बॅचवर बॅच निघते, आणि एवढ्या खात्यांतल्या एकालाही ती संस्था आपली वाटत नाही. कर्जाचा हप्ता चुकला की मात्र दुसऱ्या दिवशी फोन येतो.

एका वकिलांनी फुकट सांगितलं ते तुम्हालाही सांगते. फसवणुकीचं पूर्वीचं कलम 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोचपावती मागून, म्हणजे पोच हातात राहते. ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जा. मी गेले आहे, तारीख पडली आहे.

रोख देऊ नका. कुणाच्या बायकोच्या, भावाच्या नंबरवर तर मुळीच नाही. प्रवेशाआधी एकच विचारा: परीक्षा कोण घेतं आणि सर्टिफिकेटवर सही कुणाची? उत्तर लेखी घ्या. एएनएम-जीएनएम म्हणत असतील तर कॉलेजचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या, म्हणजे राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या, यादीत स्वतः शोधा, त्यांनी मोबाईलवर दाखवलेला फोटो चालायचा नाही.

माझ्या मुलीकडे बघून आमच्या गल्लीतल्या आणखी दोघींनी तिथे नाव घातलं होतं. त्यांच्या आया भेटल्या की मान वर करवत नाही. त्या दोघीही आता माझ्याबरोबर आयोगात येणार आहेत. त्या बॅचमधल्या बाकीच्या मुलींनो, वहीच्या पानाची ती पावती आणि फोनपेचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि आमच्याबरोबर तक्रारीवर सही करा.