बंदुकीच्या दारूचा तुटवडा आणि माझे चौदा हजार पाचशे रुपये

मालवण तालुक्यातील आमच्या वाडीत माझ्या नावावर एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक आहे. ती वडिलांची. त्यांच्यानंतर शेतीसंरक्षणाचा परवाना रीतसर माझ्या नावावर झाला आणि गेली अनेक वर्षे मी त्याचे नूतनीकरण न चुकता करत आलो आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कोकणातील कित्येक घरांत अशी एखादी बंदूक अजूनही भिंतीवर टांगलेली दिसते, ती त्याच आधारावर. रानडुक्कर मारायचे तर वन खात्याची परवानगी लागते; त्यामुळे आमचा बार बहुतेक वेळा छऱ्यांशिवाय, नुसत्या दारूचा असतो. आवाज झाला की कळप मळ्यातून पळतो, आणि आम्हाला तेवढेच हवे असते. परंतु त्या आवाजालाही दारू आणि केपा (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) लागतात, आणि माझी फसवणूक झाली ती नेमकी तिथे.

हा अनुभव लिहिताना मला संकोच वाटतो, कारण मी टपाल खात्यातून उपडाकपाल म्हणून निवृत्त झालो आहे. कोणती वस्तू टपालाने पाठवता येत नाही, हे लोकांना समजावून सांगण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. १८९८ च्या टपाल कायद्यातील कलम १९ मला अजून पाठ आहे: स्फोटक, धोकादायक, घाण किंवा अपायकारक पदार्थ टपालाने पाठवू नयेत. (तो कायदा जून २०२४ मध्ये गेला आणि त्याच्या जागी नवा आला, पण पाठ झालेले काही पुसले जात नाही.) असा मनुष्य घरपोच बंदुकीची दारू मागवायला निघाला, हे ऐकून कोणीही हसेल. मीही दुसऱ्या कोणाबद्दल ऐकले असते तर हसलो असतो.

२०२४ हे वर्ष आमच्यासाठी विचित्र गेले. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि इतरांप्रमाणे मीही बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. काजू आणि आंबा असा दोन्हींचा हंगाम वानरांच्या हवाली करून निकालाची वाट पाहिली. जूनमध्ये बंदूक परत मिळाली तेव्हा घरच्या डब्यातील जुनी दारू दमट झालेली होती. ही काळी दारू हवेतील ओल धरते, आणि आमच्याकडील पावसाळ्याची हवा तर भिंतींनाही पाझर फोडते. दोनदा केप उडाली, बार निघालाच नाही. ज्या परवानाधारक दुकानातून मी नेहमी खरेदी करतो तिथे गेलो, तर दारू नाही आणि केपाही नाहीत. दुकानदाराने "पंधरा दिवसांनी बघा" असे सांगितले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. भात पोटरीला आले, आणि एका रात्रीत डुकरांनी खालचा एक कोपरा असा लोळवला की, तिथे कोणी नांगर फिरवला आहे असे वाटावे.

वाडीत उपाय सुचवणारे पुष्कळ होते. एकाने फटाक्यांतील दारू काढून वापरण्याचा सल्ला दिला. तो मी तिथल्या तिथे उडवून लावला, कारण फटाक्यातील मिश्रण आणि बंदुकीची दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा खेळ करणाऱ्यांची बोटे गेलेली मी पाहिली आहेत. कोणी कुंपणाच्या तारेत विजेचा सौम्य झटका सोडणारे झटका मशीन लावले, कोणी जुन्या साड्या बांधल्या, कोणी पत्र्याचे डबे बडवत रात्र काढली. डब्यांना डुकरे चार दिवस भितात. पाचव्या दिवशी त्यांना डब्याचा आवाज हा जेवणाच्या घंटेसारखा वाटू लागतो.

अशा अवस्थेत पुतण्याच्या भ्रमणध्वनीवर एक जाहिरात आली. डब्यांची छायाचित्रे, इंग्रजी अक्षरे, आणि खाली मराठीत "परवानाधारकांसाठी बंदुकीची पावडर, केपा, काडतुसे, घरपोच". दिलेल्या क्रमांकावर मी फोन केला. पलीकडचा गृहस्थ अत्यंत मृदू बोलत होता. आपण पुण्याजवळील दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो असून आता जुन्या ओळखींवर माल पुरवतो, असे त्याने सांगितले. खडकीला १८६९ पासून तसा कारखाना आहे हे मला ठाऊक होते, म्हणून त्याचे बोलणे मला खरे वाटले. तुटवडा का पडला याचे त्याने दिलेले स्पष्टीकरण तर इतके व्यवस्थित होते की, मी दुसऱ्या दिवशी ते चारचौघांत सांगितलेही: युक्रेनमधील युद्धामुळे तोफगोळ्यांसाठी नायट्रोसेल्युलोजची मागणी वाढली, ते कापसाच्या तंतूंपासून बनते, आणि अमेरिकेत पिस्तुलाची काडतुसे घरी भरणाऱ्या नेमबाजांनाही पावडर मिळेनाशी झाली आहे.

यातील बहुतेक भाग खरा आहे, हे मला नंतर कळले. अमेरिकेत वापरलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी पुन्हा भरून वापरणारे हौशी लोक मोठ्या संख्येने आहेत. २०२० पासून त्यांना पावडर आणि केपा यांची तीव्र टंचाई सोसावी लागली, आणि त्या टंचाईच्या आडून बनावट दुकाने उघडून त्यांनाही फसवण्यात आले. माझ्या माणसाने ती छायाचित्रे, ते शब्द आणि ती युक्ती तिकडूनच उचललेली होती. त्याच्या बोलण्यातील खोटी गोष्ट एकच होती, ती म्हणजे त्याच्याजवळ माल आहे ही. परंतु नव्याण्णव खऱ्या दाण्यांत मिसळलेला एक खडा दाताखाली येईपर्यंत कळत नाही.

त्याने माझ्याकडून परवान्याच्या सर्व पानांची आणि आधार कार्डाची छायाचित्रे मागितली. मला हे उलट भरवशाचे वाटले. परवाना पाहिल्याशिवाय माल देत नाही म्हणजे माणूस कायद्याने चालणारा आहे, असा मी अर्थ लावला. मग त्याने सोलापूरकडील आणि नगरकडील दोन शेतकऱ्यांचे परवाने मला पाठवले आणि "हे आपले जुने ग्राहक, खुशाल खात्री करा" असे लिहिले. दुसऱ्याचा परवाना माझ्या हाती इतक्या सहज येतो, तर माझा कोणाच्या हाती जाईल, हा साधा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

आमच्या घरचा गणपती अकरा दिवसांचा असतो. १४ सप्टेंबरला, गणपती घरात असतानाच, मी पहिले ४,८०० रुपये पाठवले. १८ तारखेला त्याने "हॅझमॅट शुल्क" म्हणून ३,५०० मागितले. हा शब्द मी प्रथमच ऐकला. अमेरिकेत पावडर वाहतुकीने पाठवताना धोकादायक मालाचे असे वेगळे शुल्क खरोखरच घेतात, आणि माझ्या माणसाने शब्द बदलण्याचीही तसदी घेतली नव्हती. परका शब्द पाहून शंका येण्याऐवजी, काहीतरी नियमातले असणार, असे मला वाटले. चाळीस वर्षे सरकारी शुल्कांच्या तक्त्यांत घालवलेल्या माणसाला शुल्क या शब्दाचाच विश्वास वाटतो, असे आता वाटते. २३ सप्टेंबरला "जिल्हा बदल ना हरकत" या नावाखाली ६,२०० रुपये गेले. एकूण १४,५००. त्यानंतर त्याचा फोन लागेनासा झाला.

इथेच प्रकरण संपले असते तर मी बहुधा गप्प बसलो असतो, आणि त्यालाही तेच अपेक्षित होते. दुकानात दारू घेतली की दुकानदार परवान्यावर किती माल दिला याची नोंद करतो, शिक्का मारतो, आपल्या वहीत लिहितो. घरपोच येणाऱ्या मालाची नोंद कोण करणार होते? शस्त्र आणि दारूगोळा विकण्यासाठी परवाना लागतो, आणि परवाना नसलेल्याकडून घेणाऱ्यालाही त्याचा जाब द्यावा लागतो, हे मला माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. तुटवडा आहे, पीक जात आहे, आपला हेतू स्वच्छ आहे, एवढे म्हणून मी त्या प्रश्नाकडे पाठ फिरवली. त्या माणसाने अशीच गिऱ्हाइके हेरलेली असतात. ज्याला आपलाच परवाना रद्द होण्याची धास्ती आहे, तो तक्रार करायला जात नाही.

घटस्थापनेच्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, दुसऱ्या क्रमांकावरून फोन आला. बोलणाऱ्याने आपण सायबर विभागाचे अधिकारी असल्याचे सांगितले. एका बेकायदा दारूगोळा विक्रेत्याला पकडले असून त्याच्या यादीत माझे नाव, माझा परवाना आणि मी पाठवलेल्या तिन्ही रकमा आहेत. संध्याकाळपर्यंत २५,००० रुपये भरल्यास नाव वगळता येईल, नाहीतर बंदूक जप्त होऊन अटक होईल, असे तो म्हणाला. रकमा रुपयापर्यंत अचूक होत्या. माझ्या पायांतले बळ गेले. बायकोला काही न सांगता मी पासबुक घेऊन बाहेर पडलो.

वाटेत आमच्या वाडीतील निवृत्त सुभेदार भेटले. माझा चेहरा पाहून त्यांनी मला पडवीत बसवले, पाणी दिले आणि सगळे ऐकून घेतले. फोनवरच्या अधिकाऱ्याबद्दल ते प्रथम काही बोललेच नाहीत. त्यांनी डब्यांची छायाचित्रे मोठी करून पाहिली आणि विचारले, "मास्तरानू, तुमची बंदूक ठासणीची मां? मगे ही पावडर कित्याक?" तेव्हा मला कळले की, मी ज्या मालासाठी पैसे मोजले होते तो माझ्या बंदुकीचा नव्हताच. डब्यावर होती ती पिस्तुलाच्या काडतुसांसाठीची धूरविरहित पावडर. काळ्या दारूच्या मापाने ती ठासणीच्या जुन्या नळीत भरली तर नळीला सोसणार नाही इतका दाब तयार होतो. "ती पावडर ह्या नळयेत भरलात असती तर हात जाग्यार रवलो नसतो," असे ते शांतपणे म्हणाले. पैसे घेऊनही माल न पाठवणाऱ्या त्या भामट्याचे मी त्या क्षणी मनातल्या मनात आभार मानले, हे खोटे सांगत नाही.

मग ते मूळ मुद्द्यावर आले. पोलीस फोनवर हप्ता ठरवत नाहीत, आणि खरोखर यादी सापडली असती तर ठाण्यातून बोलावणे आले असते. अटक टाळण्यासाठी खात्यात पैसे भरायला सांगणारा अधिकारी नसतो, हे त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावले. त्यांच्यासमोरच मी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. शेवटचा व्यवहार होऊन दहा दिवस झालेले होते. पलीकडच्या बाईंनी व्यवहारांचे क्रमांक विचारून घेतले आणि फसवणूक झाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत फोन आला तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते, हे सौम्यपणे सांगितले. माझी रक्कम गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी परवाना, पावत्या आणि संभाषणाच्या छापील प्रती घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. माझा जबाब तिथे लिहून घेतला. परवाना नसलेल्या माणसाकडून दारू मागवण्याबद्दल मला जे ऐकावे लागले ते मी ऐकून घेतले. त्यातला एकही शब्द अनाठायी नव्हता. परंतु ज्या भीतीने मी दहा दिवस झोपलो नव्हतो ती तासाभरात निम्म्यावर आली, कारण आता माझ्या बाजूची हकीकत कागदावर, माझ्या सहीनिशी, तारीख घालून नोंदवलेली होती. धमकीचा फोन त्यानंतर एकदाच आला. मी तक्रार केल्याचे सांगताच तो बंद झाला.

एक गोष्ट मात्र अजून निस्तरलेली नाही. दसऱ्याच्या सुमारास गुहागरकडून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. "तुम्ही अमक्याकडून पावडर घेतली होती ना, माल कसा आहे?" असे त्यांनी विचारले. माझा परवाना, माझ्या वडिलांच्या नावासकट आणि माझ्या छायाचित्रासह, त्यांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचला होता, आणि खाली लिहिले होते: "हे आपले जुने ग्राहक, खुशाल खात्री करा." सोलापूर आणि नगरकडील ते दोघे शेतकरी कोण असतील, हे मला तेव्हा उमगले. गुहागरच्या गृहस्थांचे पैसे वाचले, कारण त्यांनी खरोखरच खात्री केली. मी ती केली नव्हती. त्या फोनची माहितीही मी ठाण्यात लेखी देऊन ठेवली आहे, आणि परवान्याची प्रत कोणाला द्यावी लागलीच तर तिच्यावर आडवे कोणासाठी, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे लिहून मगच देतो. ही सवय टपाल खात्यात असताना मी दुसऱ्यांना लावत असे.

विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. भात कापणीला आले होते आणि नेहमीच्या दुकानात दारू अजून आलेली नव्हती. दिवाळीच्या आधी मी बंदूक पुन्हा ठाण्यात जमा केली. पावती लिहिणाऱ्या हवालदारांनी बंदुकीचा क्रमांक लिहिला, परवान्याचा क्रमांक लिहिला, आणि दारूगोळा किती जमा करता असे विचारले. मी नाही म्हटल्यावर त्यांनी त्या रकान्यात "निरंक" असे लिहून पावती माझ्या हाती दिली.