नाकाने सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही (सेकंडहँड ट्रेलर घेताना झालेली फसगत)

लिहू की नको असं करत चार महिने घालवले, कारण आपण फसलो हे चारचौघात सांगायला लाजच वाटते, त्यात मी घरातली चिकित्सक बाई म्हणून प्रसिद्ध. पण परवा एक मैत्रीण म्हणाली, ट्रेलर (गाडीमागे ओढत न्यायचं, आत राहता येणारं चाकांवरचं घर) बघायला जातोय, मस्त आहे गं, आतून एकदम नवा कोरा करून घेतलाय म्हणे मालकाने. ते "नवा कोरा" ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. म्हणून बसलेय लिहायला.

आधी थोडं मागचं सांगते. आठ-नऊ वर्षं आम्ही सुट्टीत कँपिंगला गेलो की तंबूतच राहायचो. खूप मजा केली पण पाऊस लागला की तळाला पाणी, सकाळी सगळ्या स्लीपिंग बॅग ओल्या, आणि नवऱ्याची कंबर जमिनीवर झोपायला साफ नाही म्हणायला लागली. मग एक जुना पॉप-अप घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चाकांवरची एक बसकी पेटी असते, हँडल फिरवलं की केबलवर छप्पर वर येतं, दोन बाजूंनी पलंग बाहेर ओढायचे, भिंती कॅनव्हासच्या. म्हणजे तंबूच, फक्त जमिनीपासून वर उचललेला. हलका असतो त्यामुळे आमच्या आधीच्या छोट्या गाडीनेही ओढला.

तो ज्या आजी-आजोबांनी विकला त्यांची आता रोज आठवण येते. आम्ही न सांगता आजोबांनी सगळा उघडून दाखवला, स्वतः आत वाकून टॉर्च मारला, म्हणाले ही केबल बघा, हिच्या दोन तारा तुटल्यात, या वर्षात बदलून घ्या नाहीतर छप्पर खाली येईल. आजींनी कॅनव्हासला लावलेलं ठिगळ दाखवलं. आणि बजावलं की ओला बंद करावा लागला तर एक-दोन दिवसात उघडून वाळवायचाच, नाहीतर बुरशी धरते. मला तेव्हा वाटलं किती साधी माणसं, भाव कमी करून घेता येईल. (घेतलाही. आता वाईट वाटतं.)

तीन सीझन पॉप-अपमधे छान गेले. पण दर वेळी उघडा, झाका, वाळवा, शिवाय रात्री टॉयलेटला जायचं तर अंधारात चालत जा. तर ठरलं की आता पक्क्या भिंतींचा ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा, आत बाथरूम असलेला. त्या हिशोबाने आधी गाडी बदलून मोठी घेतली.

शोधायला लागल्यावर पहिलाच एक भामटा भेटला आणि तो आम्ही लग्गेच ओळखला. फोटो सुंदर, किंमत निम्मी, मालक म्हणे नोकरीनिमित्त लांब अडकलाय, ट्रेलर एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या यार्डात आहे, पैसे तिसऱ्याच पार्टीकडे भरा, ते घरपोच आणून देतील, पाच दिवसांत आवडला नाही तर परत. ट्रेलर प्रत्यक्ष बघता येणार नाही! नवऱ्याने तेच फोटो टाकून ते आधी कुठे आलेत हे नेटवर शोधलं तर भलत्याच कुणाच्या जुन्या जाहिरातीतले निघाले. आम्ही दोन दिवस हसत होतो. आणि खरं सांगू, त्या हसण्यानेच घात केला. आपल्याला कळतं सगळं, आपल्याला कोण फसवणार अशी एक हवा डोक्यात शिरली आणि पुढचा माणूस प्रत्यक्ष भेटतोय, घरी बोलावतोय, कागद हातात देतोय म्हटल्यावर आम्ही निम्मे प्रश्न विचारलेच नाहीत.

तर हा दुसरा गृहस्थ. अतिशय गोड बोलणारा, बायको-मुलं समोर खेळतायत. दुपारचं कडक ऊन, ट्रेलर धुऊन पुसून उभा, खिडक्या सगळ्या उघड्या, दार सताड उघडं. आत गेलो तर छताला आणि भिंतींना ताजा पांढरा रंग, खाली जमिनीवर लाकडासारखं दिसणारं नवं व्हिनाइल (प्लास्टिकचं आच्छादन), नवे पडदे. मुलीने तर तिथेच आपला पलंग कुठला ते ठरवून टाकलं. आणि वास होता डांबरगोळ्यांचा. प्रत्येक कपाटात, पलंगाखाली, अगदी बाथरूममधेसुद्धा. मी विचारलं, तर म्हणाला उंदीर येऊ नयेत म्हणून. मला पटलं, कारण ट्रेलर नुसता उभा राहिला की उंदीर शिरतात हे खरंच आहे. पण बाहेर पडताना मी नवऱ्याला म्हटलं होतं की एवढ्या गोळ्या? तो म्हणाला तुझं काहीतरीच. आणि मीही पुढे बोलले नाही.

पाणी सोडून दाखवा म्हटलं तर म्हणाला थंडीसाठी पाइपमधे अँटिफ्रीझ भरून ठेवलंय, आता पाणी सोडलं तर सगळं परत करावं लागेल. ऐकायला एकदम बरोबर वाटतं ना? गारठ्यात पाइप फुटू नयेत म्हणून ते गुलाबी अँटिफ्रीझ भरतातच. पण ते परत भरायला तास-दीड तास लागतो फक्त. ज्याला विकायचंय त्याने तेवढं करावं, किंवा तुम्ही म्हणा खर्च मी देतो. फ्रिजचंही तेच, सकाळीच चालू केलाय म्हणून अजून गार नाही झाला. गॅसवर चालणारा फ्रिज गार व्हायला बरेच तास घेतो हेही खरं, म्हणूनच आदल्या रात्री चालू करून ठेवा असं फोनवरच सांगायचं असतं. तो माणूस सरसकट खोटं बोलला असता तर आम्ही पकडला असता. तो प्रत्येक वेळी अर्धं खरं बोलत होता.

मॉडेल म्हणे २०१८ चं. सह्या करताना कागदावर २०१६ दिसलं. तर म्हणाला शोरूममधे उभा होता, विकला गेला २०१८ ला. त्याच वेळी उठायला हवं होतं. अमेरिकन बनावटीचा ट्रेलर असेल तर १७ अक्षरांचा जो नंबर पुढच्या, गाडीला जोडायच्या दांड्याजवळ असतो त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, G म्हणजे २०१६, H २०१७, आणि I वापरतच नाहीत म्हणून J म्हणजे २०१८. बघायला गेल्या गेल्या आधी हे वाचायचं, मग पुढचं बोलणं. टायरवर पण चार आकडे असतात, २३१७ असेल तर २०१७ चा तेविसावा आठवडा. आमच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती आणि काळं पॉलिश मारलेलं होतं, आम्ही खूष. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात, पाच-सहा वर्षांत नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदलायचे. आमचा एक तिसऱ्याच ट्रिपला हायवेवर फुटला. त्याची तारीख नंतर बघितली, सांगत नाही, लाज वाटते.

आता वजनाचं. यात त्याची चूक किती आणि आमचा मूर्खपणा किती ते तुम्हीच ठरवा. तो म्हणाला २१०० किलोचा आहे, तुमची गाडी ३००० ओढते, डोळे झाकून न्या. हे २१०० म्हणजे कोरडं वजन, कारखान्यातून निघतानाचं. त्यात पाणी नाही, कपडे, भांडी, अंथरुणं नाहीत, बऱ्याचदा बॅटरी आणि गॅसही धरलेला नसतो. पाणी लिटरला एक किलो, टाकी १५० लिटरची, म्हणजे दीडशे किलो तिथेच वाढले. भरलेला आमचा ट्रेलर काट्यावर २७०० निघाला. तरी ३००० च्या आत ना? आत, पण खरी मेख दुसरीकडे आहे. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यातून थेट गाडीवर येतो, आणि तो यायलाच लागतो, कमी पडला तर ट्रेलर मागे शेपटी हलवल्यासारखा झुलायला लागतो. आमचा साडेतीनशे किलो येत होता. गाडीवर जास्तीत जास्त किती टाकायचं ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आमचं ६००. साडेतीनशे हे, आणि आम्ही चौघं मिळून २७०. झाले ६२०. अजून डिकीत एक पिशवीही टाकलेली नाही आणि हिचचं (ट्रेलर जोडायच्या आकड्याचं) लोखंड वेगळंच. पहिल्या घाटात गाडीचा पार्श्वभाग दबलेला, स्टिअरिंग हलकं हलकं लागतंय, बाजूने ट्रक गेला की ट्रेलर आपल्याला ओढतोय असं वाटायचं. नवरा दोन तास एक शब्द बोलला नाही. त्यामुळे विकणारा काहीही म्हणो, स्टिकर वाचा आणि ट्रेलरवर लिहिलेलं कमाल वजन धरून हिशोब करा, कोरडं वजन विसरून जा.

पण हे सगळं एक वेळ निभावलं असतं. खरा दणका पुढे आहे.

चौथ्या ट्रिपला दोन दिवस संततधार लागली. मी तर खूष की आता तंबू नाही, लागू दे किती लागायचाय तो. दुसऱ्या रात्री मुलीची उशी ओली. छताच्या कोपऱ्यात रंगावर पिवळा डाग, बोटाने दाबलं तर रंगाचा पापुद्रा फुग्यासारखा आत गेला. घरी येऊन नवऱ्याने कोपऱ्यातली पट्टी काढली आणि स्क्रूड्रायव्हर लाकडात टेकवला तर तो मुठीपर्यंत आत, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा. मग एकेक उघडत गेलो. पुढची भिंत खालपर्यंत कुजलेली. दाराजवळची जमीन, जी चालताना एकदम घट्ट लागली होती, तिथे कुजक्या लाकडावर पातळ प्लाय स्क्रूने ठोकून वरून ते सुंदर व्हिनाइल चिकटवलेलं. डांबरगोळ्यांचा वास उडून गेला होता आणि आता ट्रेलरला त्याचा स्वतःचा वास येत होता.

एकाने नंतर समजावून सांगितलं ते लिहून ठेवते. छताचं रबर सहसा मधे फाटत नाही, पाणी शिरतं ते कडेच्या सांध्यातून आणि झरोक्यांच्या भोवती, जिथलं सीलंट (फटी बुजवायचा लेप) वाळून तडकतं. दर काही महिन्यांनी वर चढून ते बघावं लागतं आणि बहुतेक मालक चढत नाहीत. फायबरच्या गुळगुळीत भिंती आतल्या पातळ प्लायला चिकटवलेल्या असतात, पाणी शिरलं की गोंद सुटतो आणि बाहेरून फुगवटा येतो. तो समोरून दिसत नाही, विशेषतः भर दुपारी तर नाहीच. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात भिंतीला गाल लावून लांबवर बघायचं, फुगवटा असेल तर सावली पडते. आम्हाला दुपारी बारा-एकलाच का बोलावलं होतं ते तेव्हा कळलं. लाकडातली ओल मोजायचं दोन टाचण्यांचं मीटर मिळतं, ते कोपऱ्यात, खिडकीखाली, पलंगाखालच्या कपाटात लावायचं. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, २० च्या वर गेलं की पाणी मुरतंय. आणि पलंग उचला, कपाटाची मागची बाजू चाचपा. रंग लावणारा तिथपर्यंत जायचा कंटाळा करतो.

त्या गृहस्थाला फोन केला. पहिल्यांदा उचलला, अरेरे आमच्याकडे तर कधी गळला नाही म्हणाला. नंतर उचललाच नाही. पावतीवर "जसा आहे तसा" लिहिलेलं होतं आणि खाली आमची सही. वकिलाकडे गेलो, तो म्हणाला त्याला माहीत होतं हे सिद्ध करा. गळतीची, कुजण्याची, दुरुस्तीची मला काही माहिती नाही असं एक वाक्य त्याच्याकडून लिहून घेतलं असतं किंवा निदान मेसेजमधे विचारून ठेवलं असतं तरी धरायला काहीतरी होतं. आमचं सगळं बोलणं तोंडी, हसत खेळत झालेलं. ट्रेलर तपासून देणारी माणसं पैसे घेऊन येतात, तेही आम्ही वाचवले होते.

अजून एक सांगायचं राहिलं. जमीन पूर्ण उकरली तेव्हा त्याच्या प्लायच्या खाली अजून एक व्हिनाइल निघालं, जुनं, आणि त्याच्याखाली अजून एक पातळ प्लाय, गंजलेल्या स्क्रूंचा. म्हणजे एकतर त्याने दोनदा झाकलं किंवा त्यालाही कुणीतरी असंच गंडवलं होतं आणि त्याने तोच कित्ता गिरवला. आणि आमचे एक हितचिंतक म्हणाले, वहिनी, वरून अजून एक शीट टाका, रंग मारा आणि विकून मोकळे व्हा, सगळे तेच करतात. मी खोटं बोलणार नाही, त्या रात्री आम्ही दोघांनी व्हिनाइलचे भाव बघितले होते.

विकला नंतर, पण सगळं उघडं ठेवून, भोकांच्या फोटोंसकट. एकाला नुसती खालची फ्रेम आणि चाकं हवी होती, सामान वाहायची गाडी करायला. तो आला, खिशातून चाकू काढून न विचारता चार ठिकाणी भिंतीत खुपसला, वाकून टायरची तारीख वाचली, मग दहावं अक्षर बघितलं आणि मला विचारलं, वहिनी, हा तुम्हाला २०१८ चा म्हणून विकला होता का?