क्रिप्टोच्या नावाखाली माझे ८,०७,६०० रुपये गेले, वाचा आणि घरच्यांना पण दाखवा

लिहू की नको करत तीन आठवडे घालवले. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला सांगितलं तर ती दोन दिवस बोलली नाही. पण परवा आमच्याच सोसायटीतल्या एका काकांनी मला तसलाच टेलिग्राम ग्रुप दाखवला, "बघ रे, रोज दीड टक्का देतात", तेव्हा मात्र राहवलं नाही.

सुरुवात तुम्हाला माहितीच आहे. व्हॉट्सॲप, मग टेलिग्राम, मग एक मॅडम, रोज सकाळी कुठली क्रिप्टो कधी घ्या-विका याचे सिग्नल आणि लोकांच्या प्रॉफिटचे स्क्रीनशॉट. त्यांचं ट्रेडिंगचं ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, लिंकवरनं एपीके, म्हणजे ॲपची फाइल, थेट फोनमध्ये टाकायला लावली. असं कुणी सांगितलं की तिथंच ब्लॉक करा. ३ फेब्रुवारीला १५,००० भरले आणि चार दिवसांनी २,४०० काढून बघितले, ते खरंच बँकेत आले, आणि त्या २,४०० नीच माझा घात केला. लोक म्हणतात लोभ नडला. लोभ कसला, पोरीची इंजिनीअरिंगची फी भरायचीये, आणि मी काय डोळे झाकून नाही गेलो, पैसे निघतात का ते आधी बघितलं, मग पुढे गेलो.

जिथं कळायला पाहिजे होतं ते सांगतो. १२ फेब्रुवारीला ५०,००० पाठवताना यूपीआयवर समोर नाव आलं ते एका साडीच्या दुकानाचं. मी भोसरीला एका कंपनीत इनवर्ड क्वालिटीला आहे, बाहेरनं आलेला माल तपासतो, १९ वर्षं झाली. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, एक नाव आणि मालाच्या चलनावर दुसरं असलं तर मी गाडी गेटवरनं परत पाठवतो, ड्रायव्हरने कितीही विनवण्या केल्या तरी. आणि इथं ट्रेडिंगचे पैसे साडीच्या दुकानात चालले होते! बोट थांबलं होतं माझं, खरंच थांबलं होतं. मॅडमला विचारलं, तर लगेच मेसेज, "सर हे आपले पीटूपी मर्चंट आहेत, क्रिप्टोत असंच असतं". पीटूपी, म्हणजे एका माणसाने दुसऱ्याकडनं थेट क्रिप्टो घेणं, हा प्रकार खरंच असतो म्हणून मला ते पटलं. पुढचे १,७५,००० गेले कुठल्यातरी पोल्ट्रीवाल्याच्या खात्यात, तेव्हा तर मी विचारलं पण नाही. तो साडीच्या दुकानाचा स्क्रीनशॉट अजून फोनमध्ये आहे, रात्री दोन वाजता उठून बघतो.

मग एफडी मोडून ४,२०,०००. ते मात्र एका ओळखीच्या, नोंदणी असलेल्या क्रिप्टो एक्स्चेंजवर माझ्याच नावाने यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो) घ्यायला लावले आणि तिथनं त्यांच्या वॉलेट ॲड्रेसवर, म्हणजे क्रिप्टोच्या खाते नंबरासारख्या पत्त्यावर, ट्रॉन नावाच्या नेटवर्कवरनं पाठवायला लावले. एक्स्चेंज खरं आहे म्हणून समोरचं वॉलेट खरं होत नाही, हे मला कुणी सांगितलं असतं तर.

ॲपमध्ये १९,८४,३०० दिसत होते. काढायला गेलो तर म्हणे आधी टॅक्स, १३,२४,३०० प्रॉफिटचे ३० टक्के, म्हणजे ३,९७,२९०. आता क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स २०२२ पासून आहेच, पेपरात वाचलेलं, म्हणून शंका आली नाही. पण टॅक्स आपण सरकारला भरतो, आपल्या पॅनवर, ॲपवाल्याच्या खात्यात नाही. १ टक्का टीडीएस असतो तो पण विक्रीच्या पैशातनंच कापतात, वरनं मागत नाहीत. पैसे सोडवायला आधी पैसे भरा म्हटलं की तुमचे पैसे गेलेले असतात, एक रुपया टाकू नका. मी मेहुण्याकडनं १,५०,००० आणून टाकले, त्यांनी दिलेल्या खात्यात. त्यानंतर व्हेरिफिकेशनचे अजून ९०,००० मागितले तेव्हा भाच्याने त्यांच्या साइटची नोंदणी कधीची आहे ते काढून दाखवलं, दोन महिन्यांपूर्वीची होती. दोन मिनिटं लागली त्याला.

आणि मग मी लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलो. ही दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडकवता येतात. तिसऱ्या दिवशी केला, तासभर लाइन लागत नव्हती, शेवटी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर स्वतःच तक्रार टाकली. १,५०,००० पैकी ३८,५०० एका खात्यात होल्ड झाले. बाकी गेले.

पण साइटवर तक्रार टाकली की मिळते ती पोचपावती म्हणजे एफआयआर नाही! चौकीत गेलो तर म्हणाले हे सायबरचं, तिकडे जा. तिकडे म्हणाले रक्कम मोठी नाही, आधी तुमच्या स्टेशनला जा. परत चौकीत आलो तर साहेब बंदोबस्ताला. चार हाफ डे गेले माझे, पगार कापून. एकाने विचारलं "समोरच्याचा अकाउंट नंबर कुठाय?", मी वॉलेट ॲड्रेस दाखवला तर कागद माझ्याकडे सरकवून म्हणतो "हे काय आहे, नीट लिहून आणा". दुसरा म्हणतो "एवढे शिकलेले तुम्ही". अहो २०१८ मध्ये याच पुण्यात गेनबिटकॉइन या क्रिप्टोच्या फसव्या स्कीमचा गुन्हा नोंदवला गेला, महिन्याला १० टक्क्यांचं आमिष होतं, आणि अजून तुम्हाला वॉलेट ॲड्रेस समजावून सांगायचा आम्ही? बँक तर हात झटकून मोकळी, "तुम्हीच पाठवलेत ना". साडीच्या दुकानाच्या खात्यात दिवसाला किती लोकांचे पैसे येतात हे त्या बँकेला दिसत नाही का? आणि ते ३८,५०० माझेच, होल्डवर पडलेत, ते सोडवायला पण कोर्टाची ऑर्डर आणा म्हणे.

म्हणून जाताना सगळं छापून न्या. प्रत्येक पेमेंटचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), क्रिप्टो पाठवली असेल तर ट्रान्झॅक्शन हॅश (क्रिप्टोच्या व्यवहाराचा क्रमांक) आणि ॲड्रेस, तारीख-वेळेसकट. हॅश टाकला की ट्रॉनस्कॅन या साइटवर ट्रॉनवरचे पैसे पुढे कुठे गेले ते कुणालाही दिसतं, मी ते पण छापून दिलं. चॅट डिलीट करू नका, रागाने ग्रुप सोडू नका, आधी एक्स्पोर्ट करा. एक्स्चेंजच्या सपोर्टला पण लगेच ईमेल करा. हद्दीचं कारण देऊन परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा, ती हद्द न बघता कुठल्याही स्टेशनला नोंदवतात, नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे, पान छापून खिशात ठेवा.

आणि आता मला रोज मेसेज येतायत, "पैसे परत काढून देतो, २५,००० फी". हे तेच लोक असतात किंवा त्यांनी आपली यादी विकलेली असते. परवा मी त्यातल्या एकाला अर्धा तास उत्तरं देत बसलो होतो, बायकोने फोन काढून घेतला.

सोमवारी ११ वाजता परत जाणार आहे, अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. याच पद्धतीने कुणाचे गेले असतील आणि पुण्यात असाल तर कागद घेऊन सोबत या, एकटा माणूस गेला की दारातनंच परत पाठवतात.